शिक्के झाले स्वस्त, शत्रू झाला मस्त!

मे महिना आला की मुंबई-ठाण्याकडचे चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपापल्या बौद्धवाडीत उतरतात. बुद्धजयंती साजरी होते, लग्ने होतात आणि त्याच पंधरवड्यात विहारात वाडीची बैठक भरते. विहाराचे छप्पर, जयंतीची वर्गणी, मुंबईकरांनी पाठवलेले पैसे असे विषय निघतात. एखादा शिकलेला तरुण उठतो आणि हात जोडून विचारतो, "दादा, गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब वाचून दाखवता का?" वास्तविक या प्रश्नाला उत्तर एकच असते. वही उघडायची आणि वाचायची! परंतु वही उघडली जात नाही. उत्तर येते, "हा मनुवाद्यांचा हस्तक आहे! याला कोणी पढवून पाठवले ते आम्हाला माहीत आहे!" टाळ्या पडतात. तरुण खाली बसतो आणि पुढच्या वर्षी तो बैठकीलाच येत नाही. हिशेब राहतो तो राहतोच, वर चळवळीचा एक माणूस जातो. हे चित्र आम्ही कोणा एका वाडीचे रंगवलेले नाही. ज्यांनी अशा बैठका पाहिल्या आहेत त्यांनी स्वतःच्या मनाला विचारावे, हे खरे आहे की नाही?

प्रश्न एका वहीचा नाही. प्रश्न त्या शब्दाचा आहे. 'मनुवादी' हा शब्द आंबेडकरी माणसाच्या तोंडी गंमत म्हणून आलेला नाही. त्याच्या मागे २५ डिसेंबर १९२७ चा महाडचा अग्नी आहे. शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना माणूसपण नाकारणारी मनुस्मृती त्या दिवशी जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ब्राह्मणांना या सत्याग्रहातून वगळा, अशी अट काही ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी घातली होती आणि बाबासाहेबांनी ती साफ नाकारली होती. म्हणजे महाडच्या होळीतच हे ठरून गेले होते की आपली लढाई माणसाच्या आडनावाशी नाही, त्याच्या डोक्यातल्या विषमतेशी आहे. एवढ्या मोठ्या लढाईचा वारसा सांगणारा शब्द आज कशासाठी खर्च होतो? वर्गणीची वही बंद ठेवण्यासाठी! याची लाज आम्हाला वाटत नसेल तर ती वाटली पाहिजे.

कोकणातल्या माणसाला कोयतीची गोष्ट वेगळी सांगायला नको. कोयती लाकडावर चालवायची असते. वाटेतल्या प्रत्येक दगडावर ती मारत गेलो तर रानात पोचेपर्यंत धार उरत नाही आणि मग लाकूड समोर असूनही हात रिकामे राहतात. मनुवादी, ब्राह्मणवादी, जातीयवादी, फॅसिस्ट, दलाल, गद्दार या शब्दांचे आम्ही नेमके हेच केले आहे. गावकीच्या जोरावर पाणी अडवणाराही मनुवादी, संघटनेची पावती न फाडणाराही मनुवादी आणि दुसऱ्या गटाच्या नेत्याला हार घालणाराही मनुवादी! सगळेच मनुवादी ठरले की खरा मनुवादी गर्दीत आरामात लपतो. शिक्का जितका स्वस्त, तितका शत्रू मस्त! आमचे एवढेच म्हणणे आहे, पण ते मुळापासून पटावे म्हणून थोडे मागे जाऊ.

याच रत्नागिरीच्या मातीत एकेकाळी 'खोत' या शब्दाने कुळाच्या अंगावर काटा येत असे. गावचा महसूल सरकारकडे भरणारा हा मध्यस्थ गावाचा जणू मालक होऊन बसला होता. कुळाने कसायचे आणि खोताने धान्याचा वाटा उचलायचा. शिवाय वेठ होतीच. पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही तिच्यावर कुळाचा हक्क नव्हता. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात. खोतीचा जाच त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. मनात आणले असते तर 'खोत' ही एक शिवी करून सभा गाजवणे त्यांना काय अवघड होते? त्यांनी तसे केले नाही. खोती म्हणजे काय, तिच्यामुळे कुळाचा कोणता हक्क बुडतो आणि तो परत कसा देता येईल, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला.

यातली महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. खोत एका जातीचे नव्हते. ब्राह्मण खोत होते, मराठा खोत होते आणि मुसलमान खोतही होते. बाबासाहेबांनी जातीवर शिक्का मारला नाही, हक्क बुडवणाऱ्या पद्धतीवर बोट ठेवले. म्हणून तर कुणबी आणि महार एका मागणीखाली उभे राहू शकले! ते विधेयक त्या वेळच्या काँग्रेस सरकारच्या काळात मंजूर झाले नाही, पण १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झालाच. आज कोकणात 'खोत' हे केवळ एक आडनाव आहे. ते ऐकून कोणाच्या पोटात गोळा येत नाही.

शब्द दोन तऱ्हांनी मरतो. एक तऱ्हा ही. ज्या अन्यायाचे ते नाव होते तो अन्याय संपतो आणि शब्द निरुपद्रवी होतो. अशा मरणाचा आनंद मानावा! दुसरी तऱ्हा अशी की अन्याय जागच्या जागी राहतो आणि शब्द मात्र वापरून वापरून मरतो. 'खोत' पहिल्या तऱ्हेने गेला. 'मनुवादी' दुसऱ्या तऱ्हेने जाऊ लागला आहे. मनुवाद जिवंत आणि त्याला नाव देणारा शब्द मेलेला, याहून मनुवाद्यांना हवे ते आणखी काय?

शब्दांच्या बाबतीत बाबासाहेब किती जागरूक होते हे त्याच काळात आणखी दोनदा दिसले. १९३८ च्या जानेवारीतच लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करताना काँग्रेस सरकारने अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांनी त्याला विरोध केला, सरकार ऐकेना, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभागृहातून उठून बाहेर पडले. वरवर गोड दिसणारा शब्दही शिक्काच असतो. रत्नागिरी शहरात १९३१ साली सर्व जातींना खुले म्हणून पतितपावन मंदिर उभे राहिले. दार उघडे झाले हे खरेच, पण आत येणाऱ्याला 'पतित' कोणी ठरवले, हा प्रश्न त्या नावातच शिल्लक राहिला. जे स्वतःवरचा गोड शिक्कासुद्धा सहन करत नव्हते, त्यांच्या अनुयायांनी दुसऱ्यावर कडू शिक्के सढळ हाताने मारावेत, हे शोभते काय?

त्यानंतर लगेच, १९३८ च्या फेब्रुवारीत, मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आणि लगेच ब्राह्मणशाही म्हणजे काय याचाही खुलासा केला. ब्राह्मण जातीची सत्ता किंवा तिचे हितसंबंध असा त्याचा अर्थ नाही, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती ब्राह्मणांपुरती नसून सर्व वर्गांत शिरलेली आहे, असे त्यांनी बजावले. शब्द उच्चारला आणि त्याच दमात त्याची व्याख्या दिली. व्याख्येचा हा फायदा असतो की ती स्वतःलाही लावून पाहता येते. आमच्या विहाराच्या कमिटीवर महिला किती? पोटजातीचा भेद आम्ही लग्न जमवताना विसरतो काय? ही मनमाडची कसोटी आमच्याच दारात लागते. शिवीला मात्र व्याख्या नसते. ती नेहमी समोरच्यालाच लागते, स्वतःला कधीच नाही. शिवी लोकप्रिय का होते त्याचे उत्तर इथे आहे!

आता हाच शिक्क्यांचा धंदा सत्ता कशी करते ते पाहू. रत्नागिरीकरांना हा अनुभव ताजा आहे. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला माडबन, साखरी नाट्याच्या शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा ते 'विकासविरोधी' ठरले. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्याला गोळीबार झाला आणि त्यात एक जण मेला. नाणारची रिफायनरी रद्द झाली आणि ती बारसू-सोलगावकडे वळली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध करत बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा आंदोलनामागे 'बाहेरचे लोक' असल्याचा शिक्का तयारच होता. आपल्या सड्यावर, आपल्या आंब्याकाजूच्या राखणीला उभी राहिलेली बाई बाहेरची कशी? पण शिक्क्याचे काम खरे-खोटे ठरवण्याचे नसतेच. प्रश्नाचे उत्तर टाळणे हे त्याचे काम. पाण्याचे काय होईल, मासळीचे काय होईल, किती जणांना कसली नोकरी मिळेल, हे प्रश्न वाडीतल्या त्या हिशेबाच्या वहीसारखेच बंद ठेवायचे होते.

राज्यभर आणि देशभर हेच चालले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेत खुद्द पंतप्रधानांनी सरदार सरोवराचे काम रोखणाऱ्यांना 'शहरी नक्षलवादी' म्हटले. 'टुकडे टुकडे गँग' हा शब्द केंद्रातल्या मंत्र्यांनी जाहीर सभांतून वापरला. जानेवारी २०२० मध्ये माहितीच्या अधिकारात विचारल्यावर गृहमंत्रालयाने उत्तर दिले की अशा टोळीची कोणतीही माहिती आपल्याकडे नाही! जी टोळी गृहमंत्रालयाला सापडत नाही ती मंत्र्यांच्या भाषणात रोज सापडते, हा चमत्कार नव्हे काय?

लोकमान्य टिळकांचा जन्म याच रत्नागिरीचा. त्यांच्याशी आमचे सामाजिक मतभेद जगजाहीर आहेत आणि ते राहतील. पण इंग्रज सरकारने १८९७ आणि १९०८ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला, तेव्हा निदान कलम सांगितले, लेख पुढे ठेवले, खटला चालवला आणि मग शिक्षा दिली. खटला अन्यायाचा होता, तरी आरोप काय तो समोर होता. आजच्या 'देशद्रोही'ला ना कलम, ना पुरावा, ना न्यायाधीश. राजद्रोह म्हणजे सरकारविरुद्धचा गुन्हा आणि देशद्रोह म्हणजे देशाशी बेईमानी, हा फरकही पुसून टाकला आहे. सरकारला प्रश्न विचारला की माणूस थेट देशाचा शत्रू! गोलमेज परिषदेत आपल्या समाजाचे हक्क मागितले म्हणून खुद्द बाबासाहेबांनाही देशद्रोही आणि इंग्रजांचा हस्तक म्हणून हिणवले गेले होते. ज्यांनी पुढे या देशाला संविधान दिले त्यांच्यावर! या शिक्क्याची किंमत कळायला आम्हाला दुसरे उदाहरण नको.

इथे एक कडू सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सत्तेने आमच्यावर मारलेल्या शिक्क्यांतला एक शिक्का आम्ही आधी आमच्याच भावांवर मारून पाहिलेला होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशी त्याची दोन शकले झाली. जणू माणसे नव्हेत, घड्याळेच! भूमिहीनांच्या जमिनीसाठी लाखोंना रस्त्यावर आणणाऱ्या दादासाहेब गायकवाडांवर कम्युनिस्टांच्या नादी लागल्याचा ठपका आपल्याच लोकांनी ठेवला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७४ साली राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात फूट पडली तीही 'बौद्ध की कम्युनिस्ट' या वादावर. त्या वादात विचारांचा भाग होता, नाही असे आम्ही म्हणत नाही. पण विचार मागे पडला आणि शिक्का पुढे आला. ज्यांनी सगळ्या महाराष्ट्राला हलवले ती पोरे दोन वर्षांत एकमेकांना ओळख दाखवेनाशी झाली.

मग काय झाले? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना निर्घृणपणे मारले गेले. राज्यभर आंबेडकरी जनता रस्त्यावर आली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचे म्हटले. त्या वेळी सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे होते हे विसरू नका. पुढे भाजपच्या राजवटीत, ३१ डिसेंबर २०१७ च्या पुण्यातल्या एल्गार परिषदेनंतर, तोच शिक्का मोठा होऊन आला. आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२० रोजी, नेमक्या भीमजयंतीला, शरणागती पत्करली आणि खटल्याचा निकाल नसताना अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, जामिनावर बाहेर आले. २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचे याची त्यातली व्याख्या इतकी सैल आहे की उद्या कोणत्या मोर्च्याला ती लावतील ते सांगता येत नाही, हा त्यावरचा मुख्य आक्षेप आहे. सत्तेकडे आमची मागणी काय आहे? नक्षलवादी म्हणता, तर त्याची व्याख्या सांगा, कृत्य दाखवा, पुरावा द्या! ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण जो स्वतः आपल्या भावाला 'हस्तक' म्हणताना व्याख्या सांगत नाही, कृत्य दाखवत नाही आणि पुरावा देत नाही, त्याच्या तोंडी ती मागणी किती वजनदार राहील?

पुरोगामी म्हणवणारे पक्षही यात मागे नाहीत. मराठी राजकारणात 'जातीयवादी' हा शब्द वर्षानुवर्षे फक्त एका बाजूच्या पक्षांसाठी राखून ठेवला गेला. 'जातीयवादी शक्तींना रोखा' म्हणत निवडणुकीत आमची मते मागायची आणि गावात आमच्या वस्तीची वाट अडवणारा सरपंच मात्र आपल्याच पक्षाचा म्हणून 'धर्मनिरपेक्ष'! २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात जवळपास ७ टक्के मते मिळाली, तर या मतदारांचे प्रश्न काय आहेत हे विचारण्याऐवजी 'भाजपची बी टीम' असा शिक्का मारून मंडळी मोकळी झाली. त्या आघाडीच्या डावपेचांवर टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे आणि आम्हीही तो वापरतो. पण मत देणाऱ्या लाखो लोकांना कोणाची तरी टीम ठरवणे म्हणजे त्यांना स्वतःची बुद्धी नाही असे म्हणणे होय. हे म्हणणे किती जुने आहे ते आम्हाला कोणी शिकवू नये.

कोणी म्हणेल, शब्दांची एवढी चिकित्सा कशाला? लोकांना जोश हवा असतो! जोश हवाच. परंतु शब्द ढिला राहिला की न्याय हातून कसा निसटतो ते पोलीस ठाण्यात जाऊन पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात 'मनुवादी' हा शब्द कुठेही नाही. त्यात कृत्यांची यादी आहे. लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान, पाणवठ्याला अडवणूक, चपलांचा हार, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार. २०१५ च्या दुरुस्तीने ती यादी आणखी वाढली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. आता फिर्याद देणारा आमचा बांधव संतापाने लिहितो, 'सदर इसम जातीयवादी व मनुवादी प्रवृत्तीचा असून त्याने आमच्यावर अन्याय केला.' संताप खरा, अन्यायही खरा. पण तो कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, नेमके कोणते शब्द बोलला आणि ते ऐकायला कोण हजर होते, हे कागदावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात म्हटले आहे की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. म्हणजे जागा आणि साक्षीदार यांवरच प्रकरण उभे राहते किंवा कोसळते. खैरलांजीत तपासयंत्रणेने काय केले ते देशाने पाहिले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी कठोर शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र त्या प्रकरणात टिकला नाही. जे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होते ते कागदावर सिद्ध झाले नाही! हा दोष पीडितांचा मुळीच नाही. पण यंत्रणा अशी आहे हे माहीत असताना कार्यकर्त्याने पहिल्याच दिवशी फिर्यादीत विशेषणांऐवजी तपशील लिहून घेतला पाहिजे, हा धडा तरी आम्ही घ्यायचा की नाही?

कोकणातलाच आणखी एक शब्द घ्या. 'वाळीत टाकणे'. रायगड-रत्नागिरीत गावकीने कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे आल्या. तो शब्द होता तोवर पोलीस म्हणायचे, हा गावचा आपापसातला मामला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार म्हणजे नेमके काय काय, हे त्यात लिहिले आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. अर्थ नेमका झाला आणि शब्दाला दात आले! हे सांगताना आम्हाला एक गोष्ट आमच्याच लोकांना विचारावीशी वाटते. ज्या तरुणाला 'मनुवाद्यांचा हस्तक' म्हणून आम्ही बैठकीत गप्प बसवतो, त्याच्याशी उद्यापासून चार घरे बोलेनाशी होतात, पुढच्या वर्षी त्याच्याकडून वर्गणी घ्यायची की नाही यावर कुजबुज होते. हे काय आहे? हे शब्दाने वाळीत टाकणेच आहे. गावकीने आमच्याशी केले, ते आम्ही आमच्याशी करत आहोत.

या आमच्या लिहिण्याचा गैरफायदा घ्यायला काही सभ्य गृहस्थ टपलेले आहेत याचीही आम्हाला कल्पना आहे. ते म्हणतील, "पाहा, तुमचेच लोक सांगतात, आता तरी जातीचा विषय काढू नका." त्यांना आमचे स्पष्ट उत्तर आहे. जात काढणारे आम्ही नव्हे, जात पाळणारे तुम्ही! जो मनुवादी आहे त्याला आम्ही मनुवादीच म्हणणार आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने म्हणणार. फक्त त्या शब्दामागे त्याचे कृत्य उभे करून म्हणणार, म्हणजे त्याला पळायला वाट राहणार नाही. नाणार-बारसूच्या वादात जमिनीच्या व्यवहारांवरून 'दलाल' हा शब्द खूप ऐकू आला. ज्याच्या हातात सातबारा आणि फेरफार होते त्याने कोणाचे नाव घेतले की समोरच्याला उत्तर द्यावे लागत होते. पण मुलाला नोकरी नाही, घरावर कर्ज आहे म्हणून चार गुंठे विकणाऱ्या शेतकऱ्यालाही तोच शब्द लावला तर फायदा कोणाचा? त्या गरिबाच्या मागे मोठा दलाल लपतो आणि वाडीत दोन तट पडतात ते वेगळेच!

तेव्हा तमाम आंबेडकरी कार्यकर्त्यांना, लेखकांना, वक्त्यांना आणि आमच्यासारख्या वर्तमानपत्रवाल्यांनाही आमचे सांगणे आहे. कोणावरही शिक्का मारण्यापूर्वी स्वतःला विचारा, याने नेमके काय केले, कधी केले, त्याचा पुरावा काय आणि हेच कृत्य आपल्या गटातल्या माणसाने केले असते तर आपण त्याला हाच शब्द वापरला असता काय? चारही उत्तरे मिळाली तर बेधडक बोला. नाही मिळाली तर मतभेदाला मतभेद म्हणा. मतभेद म्हणजे गद्दारी नव्हे. दुसरा पक्ष निवडणे म्हणजे धम्म सोडणे नव्हे. हिशेब मागणे म्हणजे तर चळवळीवर प्रेम करणे होय. आणि शिक्का चुकीचा मारला गेला असेल तर तो ज्या बैठकीत मारला त्याच बैठकीत पुसा. वर्तमानपत्र म्हणून आम्हीही या नियमाला बांधील आहोत. आमच्या स्तंभांतूनही हे शब्द सैल हाताने पडले आहेत हे आम्ही कबूल करतो. कोणावर 'हस्तक' किंवा 'दलाल' लिहून आलेला मजकूर पुराव्याशिवाय छापायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

येत्या मे महिन्यात चाकरमानी पुन्हा गावी येतील, विहारात सतरंज्या पसरतील, बैठक भरेल. बुद्धवंदना झाली की अध्यक्षांनी पहिल्या विषयात वर्गणीची वही उघडावी आणि पै न पैचा जमाखर्च मोठ्याने वाचावा. मग गेल्या खेपेला ज्याला गप्प बसवले त्या पोराला शेजारी बोलावून घ्यावे आणि पुढच्या वर्षाची वही त्याच्याच हाती द्यावी. त्यानंतर कोणी गावात वाट अडवली, पाणी तोडले, तर त्याला मनुवादी म्हणायला तोच पोरगा सर्वांच्या पुढे उभा असेल. आणि त्याच्या तोंडचा तो शब्द गाव ऐकेल!